संगणक दूर असताना: भारतीय प्रोग्रॅमर कसा घडला

१/
सॉफ्टवेअर इंजिनीअर होऊ पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न पडतो तो 'कोणती भाषा आधी शिकावी?' हा. साठ वर्षांपूर्वी याच वाटेवर निघालेल्या भारतीय विद्यार्थ्यापुढचा पहिला प्रश्न निराळा होता: संगणक आहे कोठे, आणि त्याच्या खोलीत आपल्याला जाऊ देतील काय? भारतात हे कौशल्य कसे शिकले गेले याचा इतिहास बऱ्याच अंशी शिकणारा आणि यंत्र यांच्यातील अंतराचा इतिहास आहे. ते अंतर कोणी कमी केले, कोणासाठी कमी केले आणि अंतर असताना जे शिकले गेले त्यातले काय टिकले, हे या धाग्यात पाहू.

२/
देशातील पहिला अंकीय संगणक कोलकात्यात आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये ब्रिटनहून एचईसी-२एम हे यंत्र मागवले. त्यापूर्वी जगभर 'कॉम्प्युटर' या शब्दाचा अर्थ आकडेमोड करणारा माणूस असाच होता. टेबलावरची हाताने फिरवायची गणकयंत्रे घेऊन बसलेल्या माणसांच्या रांगा हे सांख्यिकी संस्थेचेही चित्र होते. नव्या यंत्राला काम कसे सांगायचे, हे शिकवणारा वर्ग वा अभ्यासक्रम देशात कोठेही नव्हता. ज्यांनी यंत्र उभे केले, तेच त्याचे पहिले विद्यार्थी ठरले.

३/
मुंबईत होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दुसरा मार्ग पत्करला: यंत्र विकत न घेता स्वतः बांधायचे. अमेरिकेत शिकून १९५४ मध्ये परतलेले आर. नरसिंहन हे या गटाचे प्रमुख. त्यांच्या हाताखालची तरुण मंडळी प्रामुख्याने भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि इलेक्ट्रॉनिक्सची जाण असणारी होती. संगणकशास्त्र नावाचा विषय त्यांच्या विद्यापीठांत अस्तित्वातच नव्हता. परदेशी यंत्रांविषयी प्रसिद्ध झालेले लेखन वाचणे, सर्किट जोडणे आणि चुका शोधणे हाच त्यांचा अभ्यासक्रम. आधी त्यांनी एक लहान प्रायोगिक यंत्र तयार केले आणि १९५६ मध्ये ते चालू झाले.

४/
त्या अनुभवाच्या बळावर पूर्ण आकाराचा संगणक उभा राहिला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. ४० बिटांचा एक असे २,०४८ शब्द मावतील एवढी त्याची चुंबकीय कड्यांची स्मृती होती. आजच्या मापाने हे सारे दहा किलोबाइटच्या आसपास भरते. मोबाइलमधील एका छायाचित्रालाही एवढी जागा पुरणार नाही. पण अणुऊर्जा आणि भौतिकशास्त्रातील किचकट आकडेमोड करण्यासाठी संशोधक या यंत्रापुढे रांग लावत.

५/
टिफ्रॅकसाठी प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे यंत्राच्या मूळ अंकभाषेत लिहिणे. 'अ आणि ब यांची बेरीज कर' असे म्हणण्याची सोय नव्हती. अमुक क्रमांकाच्या जागेवरील संख्या उचल, तमुक क्रमांकाच्या जागेवरील संख्या तीत मिळव, उत्तर तिसऱ्या जागी ठेव, अशा आकड्यांतील आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून यंत्राला द्यायच्या. मध्येच एक आज्ञा विसरली तर ती घुसवल्यावर पुढच्या साऱ्या आज्ञांच्या जागा सरकत आणि त्या जागांचा उल्लेख करणारी प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी लागे. एका विसराळूपणाची किंमत एक दिवस असे.

६/
यातून शिकणाऱ्याच्या अंगी एक सवय बाणली. यंत्रावर जाण्यापूर्वी प्रोग्रॅम कागदावर चालवून पाहायचा. कागदावर रकाने आखायचे, प्रत्येक रकाना म्हणजे स्मृतीची एक जागा. एकेक आज्ञा वाचायची, रकान्यातील जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा. संगणकाने जे करायचे ते आधी माणसाने पेन्सिलीने करायचे. पुढे 'ड्राय रन' या नावाने भारतातील परीक्षांत स्थिरावलेल्या प्रश्नाचे मूळ या गरजेत आहे. या पहिल्या पिढीचे कौशल्य खोल होते, परंतु तिचा परीघ एका संस्थेच्या आवाराएवढाच होता. परीघ वाढायचा तर शिकवण्याची व्यवस्था हवी होती.

७/
ती व्यवस्था प्रथम उभी राहिली कानपूरला. तेथील आयआयटीला अमेरिकेतील नऊ विद्यापीठांचे साहाय्य लाभले होते आणि त्या योजनेतून १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला. त्याबरोबर शिकवायला माणसेही आली. त्यांतील हॅरी हस्की यांनी एनिअ‍ॅक या आरंभीच्या अमेरिकी संगणकावर काम केले होते आणि इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग यांच्या प्रकल्पातही ते सहभागी होते. भारतीय बाजूने एच. के. केशवन आणि व्ही. राजारामन यांनी संगणक केंद्राची धुरा वाहिली. संगणक हे आकडेमोडीचे साधन तर होतेच. कानपूरमध्ये तो अध्यापनाचा विषय झाला.

८/
आयबीएम १६२० ची एक गंमत शिकणाऱ्यांना फार काही शिकवून जाई. या यंत्रात बेरीज करणारे स्वतंत्र सर्किटच नव्हते. बेरजेचे आणि गुणाकाराचे कोष्टक स्मृतीत ठराविक जागी भरून ठेवावे लागे आणि यंत्र त्यात पाहून उत्तर देई. शाळकरी मुलाने भिंतीवरच्या पाढ्यांच्या तक्त्याकडे पाहून उत्तर द्यावे तसे. एखाद्या नवख्याच्या प्रोग्रॅमने चुकून त्या तक्त्यावरच दुसरे काही लिहिले, तर पुढची सगळी बेरीज चुके आणि यंत्र मात्र निमूटपणे चालत राही. यंत्राला काहीही 'समजत' नाही, हे याहून स्पष्टपणे कोणता ग्रंथ सांगणार?

९/
कानपूरचे वेगळेपण धोरणातही होते. इतरत्र संगणक काचेच्या वातानुकूलित खोलीत असे आणि त्याला हात लावण्याचा अधिकार मोजक्या ऑपरेटरांना असे. कानपूरने १६२० ची खोली विद्यार्थ्यांना खुली ठेवली. स्वतःची कार्डे स्वतः यंत्रात घालण्याची मुभा दिली. अभियांत्रिकीच्या सर्व शाखांतील विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवले गेले. शिवाय देशभरातील प्राध्यापक, वैज्ञानिक आणि अभियंते यांच्यासाठी काही दिवसांचे सघन अभ्यासवर्ग पुनःपुन्हा भरवले. त्यांतून शिकून गेलेला माणूस आपल्या संस्थेत परतून इतरांना शिकवू लागे. एका यंत्राची विद्या अशी अनेक गावी पोहोचली.

१०/
तेथे शिकवली जाणारी भाषा होती फोरट्रान. गणिती सूत्र जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येईल आणि कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करील, अशी ही भाषा. तिचा एक परिणाम दूरगामी ठरला: कौशल्य एका यंत्राच्या खुंटीला बांधलेले राहिले नाही. राजारामन यांनी वर्गासाठी केलेल्या टिपणांतून पुस्तक सिद्ध झाले आणि 'प्रिन्सिपल्स ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या नावाने १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशी ग्रंथ बहुतेक विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर असताना भारतीय विद्यार्थ्यासाठी भारतात लिहिलेले हे पाठ्यपुस्तक, आणि त्यामागून आलेली त्यांची इतर पुस्तके, कित्येकांचे पहिले शिक्षक ठरली. ज्या गावात संगणक नव्हता, तेथेही पुस्तक पोहोचत होते.

११/
दरम्यान मुंबईत टिफ्रॅकची जागा १९६४ मध्ये सीडीसी ३६०० या बलाढ्य अमेरिकी यंत्राने घेतली आणि टाटा संस्था देशभरातील संशोधकांचे गणनकेंद्र बनली. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत साहाय्यातून मिन्स्क-२ आले. यंत्रे मोठी झाली, वापरणारे वाढले, आणि माणूस व यंत्र यांच्यामध्ये एक खिडकी उभी राहिली. विद्यार्थ्याने खिडकीवर कार्डांचा गठ्ठा द्यायचा, ऑपरेटरने तो रांगेत लावायचा, आणि उत्तराचा छापील कागद काही तासांनी अथवा दुसऱ्या दिवशी न्यायचा. शिकणाऱ्याची आणि यंत्राची भेट होत नसे. त्यांचा पत्रव्यवहार चाले.

१२/
या पत्रव्यवहाराचे नियम कडक होते. कार्डावर ८० रकाने. फोरट्रानमध्ये पहिल्या पाच रकान्यांत ओळीचा क्रमांक, सहावा रकाना लांब ओळ पुढे चालू असल्याची खूण, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत मूळ विधान आणि शेवटचे आठ रकाने कार्डांच्या क्रमासाठी. विद्यार्थी छापील तक्त्यावर अक्षरे लिही आणि अनेक ठिकाणी पंच ऑपरेटर त्यावरून भोके पाडी. इंग्रजी 'ओ' आणि शून्य यांत घोळ झाला की गठ्ठा परत. गठ्ठा हातातून सांडला तर क्रम लावता यावा म्हणून जाणते लोक त्याच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढून ठेवत. एक स्वल्पविराम चुकला, एक दिवस गेला.

१३/
या विलंबाने दोन गोष्टी घडवल्या. एक, दिवसाला एकच संधी मिळणारा विद्यार्थी ती वाया घालवत नसे. मित्राकडून प्रोग्रॅम तपासून घेई, मित्राचा स्वतः तपासून देई. दुसऱ्याने लिहिलेले वाचता येणे हा या धंद्याचा कणा आहे, आणि तो या रांगांत घडला. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चुकून शिकण्यासाठी चुकायला वाव लागतो आणि तो अतिशय थोड्यांना मिळाला. ज्याच्या महाविद्यालयाजवळ केंद्र नव्हते, त्याला दिवसाची ती एक संधीही नव्हती. टंचाईने काहींना शिस्त लावली आणि त्यांहून कितीतरी अधिक लोकांना दाराबाहेर ठेवले.

१४/
दाराबाहेरच्या समाजाला हे यंत्र कसे दिसत होते? कारकुनाची नोकरी खाणारे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचारी संघटनांनी संगणकाला तीव्र विरोध केला. कोलकात्यात तो विशेष गाजला. नोकऱ्या आधीच दुर्मीळ असताना ही भीती निराधार म्हणता येत नव्हती. सरकारने या प्रश्नाच्या विचारासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याकडे दिले. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. परकीय चलनाची चणचण आणि बेकारीची धास्ती या दोहोंमुळे संगणकाची आयात म्हणजे परवान्यांची दीर्घ तपश्चर्या झाली. प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांची संख्या त्या वेगाच्या पुढे जाणे शक्य नव्हते.

१५/
१९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला. परकीय कंपन्यांनी भागभांडवलातील वाटा कमी करावा, ही १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याची अट तिने मान्य केली नाही. देशभर विखुरलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने हाती घेतली. दुरुस्तीची माहिती ज्यांच्याकडे होती ती कंपनीच निघून गेल्यावर भारतीय अभियंत्यांना आतली यंत्रणा स्वतः उलगडावी लागली. ज्यांचे ज्ञान एकाच कंपनीच्या यंत्रापुरते होते, त्यांना मात्र या घटनेने धडा दिला: यंत्र जाते तेव्हा त्याच्यापुरती शिकलेली विद्याही जाते.

१६/
याच काळात एक विलक्षण उपाय पुढे आला. यंत्र येत नसेल, तर माणसाने यंत्राकडे जावे. १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली आणि पुढच्या वर्षी फकीरचंद कोहली तिचे सूत्रधार झाले. सॉफ्टवेअर निर्यात करून यंत्राच्या किमतीच्या दुप्पट परकीय चलन मिळवण्याची हमी देणाऱ्यास संगणक आयात करू द्यावा, असे धोरण सत्तरच्या दशकात आले. त्याचा लाभ घेत टीसीएसने १९७४ मध्ये बरोज कंपनीचे यंत्र आणले आणि त्या कंपनीसाठी काम सुरू केले. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करणे, हे या कामाचे स्वरूप. १९७३ मध्ये अंधेरीला स्थापन झालेले सीप्झ पुढे अशा निर्यातीचे ठाणे बनले. अनेक तरुण अभियंत्यांची खरी कार्यशाळा अमेरिकेतील ग्राहकाच्या इमारतीत भरली.

१७/
१९८१ हे वर्ष पुण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली. संस्थापकांतील नारायण मूर्ती कानपूरच्या आयआयटीत शिकलेले होते, आणि आरंभी कंपनीकडे स्वतःचा संगणकही नव्हता. त्याच वर्षी टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधनकेंद्र पुण्यात उभे राहिले. त्याचे पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव हेही कानपूरचेच. टाटा मूलभूत संशोधन संस्था, झुरिक आणि कानपूर अशा वाटेने आलेले केसव नोरी येथे रुजू झाले. झुरिकला निक्लाउस विर्थ यांच्या गटात पास्कल भाषेच्या ज्या कंपायलरवर नोरींनी काम केले, तो प्रत्यक्षात नसलेल्या, केवळ कागदावर व्याख्या केलेल्या यंत्रासाठी आज्ञा तयार करी. नव्या संगणकावर तेवढ्या कल्पित यंत्राची नक्कल केली की भाषा तेथे चालू लागे. कागदावरचा संगणक असा प्रगत तंत्रातही उपयोगी पडला.

१८/
ऐंशीच्या दशकाच्या आरंभी निराळा हिशेब समोर आला: आयआयटीतून बाहेर पडणारे मूठभर अभियंते पुरणार नाहीत. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेला एमसीए हा अभ्यासक्रम त्यातून विद्यापीठांत आला. बीएस्सी, बीकॉम झालेल्या, परंतु गणिताची बैठक असलेल्या पदवीधरासाठी हे दार होते. ज्याने बारावीनंतर अभियांत्रिकीची संधी गमावली होती किंवा ती परवडली नव्हती, त्याला पुन्हा या वाटेवर येता आले. मुंबईत नरसिंहन यांच्या प्रेरणेने टाटा संस्थेत सुरू झालेले सॉफ्टवेअर केंद्र १९८५ मध्ये एनसीएसटी या नावाने स्वतंत्र झाले आणि जुहूला त्याने सॉफ्टवेअरच्या अध्यापनाचा वेगळा दर्जा निर्माण केला.

१९/
विद्यापीठांना जे जमले नाही ते बाजाराने केले. एनआयआयटी १९८१ मध्ये आणि ॲप्टेक १९८६ मध्ये सुरू झाली. त्यामागून शहरोशहरी संगणकवर्ग उघडले. दिवसा महाविद्यालय आणि संध्याकाळी 'कॉम्प्युटर क्लास' हा मध्यमवर्गीय घरांचा दिनक्रम बनला. आता अट होती शुल्क भरण्याची. या वर्गांचा दर्जा सारखा नव्हता. कोठे पक्का पाया मिळे, कोठे पडद्यावरची बटणे पाठ करून घेतली जात. शाळांसाठी सरकारने १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो संगणक घेऊन 'क्लास' प्रकल्प हाती घेतला आणि आरंभी २५० शाळा निवडल्या. देशाच्या आकारापुढे ती संख्या किती तोकडी होती, हे सांगावयास नको.

२०/
आयबीएमच्या जाण्याचा एक अनपेक्षित लाभ याच दशकात दिसला. भारतीय कंपन्या स्वतःचे छोटे संगणक बांधू लागल्या आणि त्यांसाठी युनिक्स ही कोणा एका यंत्राला न बांधलेली प्रणाली स्वीकारली गेली. बँकांच्या संगणकीकरणासाठी सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये दिलेल्या अहवालानंतर बँकांतही युनिक्स आले. त्यामुळे इथल्या तरुणांचे हात युनिक्स आणि सी भाषेवर बसले. पाश्चात्त्य कंपन्याही आपली कामे मोठ्या जुन्या यंत्रांवरून त्याच दिशेने हलवू लागल्या, तेव्हा हे काम जाणणारी माणसे भारतात तयार होती. पूर्वतयारी योजून झालेली नव्हती. पण कौशल्य यंत्रनिरपेक्ष असल्याचे फळ मात्र मिळाले.

२१/
भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. अनेक प्रोसेसरांना एकाच वेळी काम वाटून देणारे प्रोग्रॅम लिहू शकणारी माणसे मात्र बांधूनच काढावी लागतात. सी-डॅकने १९९३ पासून प्रशिक्षणशाळा चालवली आणि तिचा 'डॅक' पदविका अभ्यासक्रम महाराष्ट्रातील इंजिनीअरांच्या तोंडी रुळला. १९९० मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कसाठी निवडलेल्या पहिल्या तीन शहरांत बेंगळुरू आणि भुवनेश्वर यांच्यासह पुणे होते. उपग्रहजोडणीमुळे काम देशात बसून करता येऊ लागले. यंत्राकडे माणूस पाठवण्याचा काळ ओसरू लागला.

२२/
एक अंतर तरीही शिल्लक होते: भाषेचे. पुस्तके इंग्रजीत, वर्ग इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. सोलापूरच्या मराठी शाळेतून पवईच्या आयआयटीत गेलेले, रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन सॉफ्टवेअरकडे वळलेले आणि पुढे त्या क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर पोहोचलेले अच्युत गोडबोले यांचे 'मुसाफिर' हे आत्मचरित्र मराठी तरुणांनी एवढ्या आस्थेने वाचले, त्याचे एक कारण हेच असावे. ऑपरेटिंग सिस्टीमसारख्या विषयावर इंग्रजीत पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या माणसाची सुरुवातही आपल्यासारख्याच शाळेत झाली होती, हे पाहणे तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यासाठी मोलाचे होते.

२३/
२००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलने एमएस-सीआयटीच्या रूपाने संगणकसाक्षरता गावोगावी नेली. त्यातून प्रोग्रॅमर घडत नाही. पण संगणकाची भीती मोडते, आणि ती मोडल्याशिवाय पुढची पायरी येत नाही. २००३ पासून आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलद्वारे सर्वांसाठी खुली होऊ लागली. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने भाषेच्या अंतरावर साधा उपाय काढला: पडद्यावरचे प्रोग्रॅम इंग्रजीतच ठेवायचे, समजावणारा आवाज मात्र मराठीसह भारतीय भाषांत द्यायचा. शेजारी कोणी जाणते बसून सांगत आहे, असे शिकणाऱ्याला वाटावे, ही त्यामागची दृष्टी.

२४/
आज अंतर जवळजवळ संपले आहे. टिफ्रॅकच्या स्मृतीच्या लक्षावधी पटीने मोठी स्मृती विद्यार्थ्याच्या खिशात आहे आणि प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रेही हाताशी आली आहेत. 'मग शिकायचे काय?' हा प्रश्न त्यामुळे प्रामाणिक आहे. सत्तर वर्षांत फितीचे वाचक गेले, कार्डे गेली, कित्येक भाषा अडगळीत पडल्या. समोरचा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून तो नेमके काय करील हे कागदावर सांगता येणे, चूक कोठे आहे याचा छडा लावणे आणि आपले लिखाण दुसऱ्याकडून तपासून घेणे, एवढे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागले. लिहिणारे यंत्र असले, तरी त्याचे लेखन वाचून होय की नाही म्हणणारा माणूस लागतोच.

२५/
ज्या विद्यार्थ्याकडे आज संगणक नाही, त्याच्यासाठी या इतिहासात एक व्यवहारी गोष्टही आहे. कानपूरचे पुस्तक संगणक नसलेल्या गावांत पोहोचले होते आणि तेथील वाचकांनी वही-पेन्सिलीने सुरुवात केली होती. ती सुरुवात पुरेशी नव्हती. पुढे कोणीतरी दार उघडावे लागले. राजारामन यांचे वर्ग, एमसीएची वाट, सी-डॅकची प्रवेशपरीक्षा, मराठीतले ध्वनिमुद्रित पाठ ही त्या दारांची नावे. दारे आपोआप उघडली नाहीत. ती उघडणारी माणसे आणि संस्था होत्या, आणि जेथे त्या नव्हत्या तेथील किती जण मागे राहिले याची नोंद कोणत्याही इतिहासात नाही.

धागा समाप्त.